प्रत्येक राउंडला मीच पहिला का मरतो? व्हॅलोरंटमधला एक जुना बिघाड आणि त्याची शोधाशोध

व्हॅलोरंट हा कॉम्प्युटरवरचा पाच विरुद्ध पाच असा बंदुकीचा गेम. त्यातली माझी तक्रार थोडक्यात सांगतो. खरेदीचे ३० सेकंद संपतात, अडसर उठतो, पाचही जण धावत सुटतात आणि पुढच्या पंधरा-वीस सेकंदांत मी आडवा. मग उरलेला राउंड चौघांच्या खांद्यावरून बघत बसायचं. पुढच्या राउंडला पुन्हा तेच. सामना कुणीतरी १३ राउंड जिंकेपर्यंत चालतो, म्हणजे एका बैठकीत हा तमाशा वीस-बावीस वेळा. स्कोअरबोर्डवर माझं नाव कायम तळाला.

हा बिघाड माझ्या खेळात जवळजवळ आठ महिने होता. मधे चार दिवस जायचा, वाटायचं सुटलो, की पुन्हा हजर. आता हेच रडगाणं घेऊन नवीन पोरं मला विचारतात, कुणी चोपड्याचं, कुणी शिरपूरचं, एक तर माझ्याच गल्लीतलं. म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतो. मी काही मोठा खेळाडू नाही. आयर्न या सगळ्यात खालच्या रँकमधून निघून गोल्डपर्यंत आलोय, बस. पण बिघाड शोधणं हा आमचा धंदा आहे. अमळनेरला काकांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, दिवसभर मी तिथेच असतो.

दुकानात शेतकरी आला की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं: "मोटर जळाली." काका लगेच मोटर उघडायला घेत नाहीत. आधी विचारतात, लाइन कधी होती? स्टार्टर टकटक करतो का? एक फेज गेल्यावर कंडेन्सर लावून दोन फेजवर चालवली होती का? बऱ्याच मोटरी जळालेल्या नसतातच. कुठे फ्यूज गेलेला, कुठे स्टार्टरचे पॉइंट काळे पडलेले, कुठे फूट व्हॉल्व्हमध्ये गाळ. आणि जी खरोखर जळाली, ती कशामुळे जळाली हे न बघता नवी तार भरून दिली तर आठ दिवसांत तीच मोटर त्याच ट्रॉलीतून परत येते.

गेममध्ये "मोटर जळाली"च्या जागी आपण म्हणतो, "माझा एमच खराब आहे." एम म्हणजे नेम. मीही हेच म्हणत होतो. त्यावर उपाय म्हणून नवा माऊस घेतला, मग मोठं पॅड, मग क्रॉसहेअरचा, म्हणजे पडद्याच्या मध्यावरच्या नेम धरायच्या खुणेचा, रंग रोज नवा. एका आठवड्यात एजंट (आपण खेळायला घेतो ते पात्र), सेन्सिटिव्हिटी (माऊस हलवला की नजर किती फिरते ते) आणि हेडफोन तिन्ही बदलले. त्यानंतर दोन सामने बरे गेले, पण कशामुळे गेले हे सांगता येईना. दुकानात असं केलं असतं तर काकांनी पक्कड फेकून मारली असती. एका वेळी एकच वस्तू बदलायची आणि चालवून बघायची, हा तिथला पहिला नियम.

मग दुकानातली एक अर्धी भरलेली जॉब-वही घेतली आणि दहा सामने प्रत्येक मरणापुढे एक शब्द लिहिला. धावत. खाली. एकटा. मागून. अडकलं. "धावत" म्हणजे मी पळता पळता गोळ्या मारत होतो. "खाली" म्हणजे शत्रू दिसला तेव्हा माझा क्रॉसहेअर त्याच्या गुडघ्याशी होता. "अडकलं" म्हणजे नेट किंवा मशीन. मरणानंतर तसाही बसून राहायचा वेळ असतो, एक शब्द लिहायला काय जातंय? दहा सामन्यांनंतर पान बघितलं आणि थोडी लाजच वाटली. ज्या नेटला मी रोज शिव्या घालत होतो ते "अडकलं" सहा-सातदाच होतं. पान भरलं होतं ते "धावत" आणि "एकटा" यांनी.

तुम्हीही आधी ही वही करा. खालचं सगळं त्यानंतर वाचलं तरी चालेल.

आधी लाइन बघा

नेट आणि मशीन हा बहुतेकांचा खरा आजार नसतो, पण तपासणी तिथूनच सुरू करायची, कारण ते पंधरा मिनिटांत निकालात निघतं.

आपल्याकडे पहिला संशयित ऊन. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास खेळतो आणि लॅपटॉप त्याच खोलीतली हवा आत ओढतो. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवायला वेग उतरवतो, फ्रेम (सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रं) निम्म्यावर येतात आणि नेमकी मारामारी सुरू असताना चित्र धक्के खातं. तपासायला सोपं आहे. सकाळी सहाला सरावाच्या रेंजमध्ये दहा मिनिटं खेळा, दुपारी तीनला तेच करा, दोन्ही वेळा फ्रेमचा आकडा लिहा. फरक मोठा असेल तर दोष उन्हाचा आहे, हाताचा नाही. ब्लोअरने पंख्यातली धूळ काढा, लॅपटॉप खालून दोन बोटं उचला, सेटिंगमध्ये फ्रेमला मर्यादा घाला. कूलरचा झोत थेट मशीनवर घेऊ नका, ती ओली हवा असते. आणि कूलरसमोर बसून खेळलात तर शत्रूच्या पावलांचा आवाज विसरा. मी मे महिन्यात दुपारी खेळणंच सोडलं. वरण-बट्टी खाऊन झोपलेलं बरं.

दुसरी गोष्ट लाइट. लॅपटॉपला बॅटरी असते, राउटरला नसते. लाइट गेली की लॅपटॉप मस्त चालू आणि नेट ठार. सामना अर्ध्यात सुटला की चौघांचं वाटोळं होतं आणि वारंवार झालं तर तुमच्यावर काही वेळ खेळायची बंदीही येते. राउटरपुरता १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो लावा. सामना सुटलाच तर गेम लगेच परत उघडा, त्याच सामन्यात परत जाता येतं. हे बरेच दिवस मला माहीतच नव्हतं, मी तोंड लपवून झोपायला जायचो.

तिसरं नेट. गेमच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये आकडेवारी दाखवायची सोय आहे, तिथे नेटवर्क आरटीटी (बातमी सर्व्हरला जाऊन परत यायला लागणारा वेळ, म्हणजेच पिंग) आणि पॅकेट लॉस (वाटेत हरवणारी बातमी) सुरू करा. आपल्याला जवळचा सर्व्हर मुंबईचा. पिंग थोडी जास्त पण स्थिर असेल तर खेळता येतं. पॅकेट लॉस शून्यावर हवा. तो उड्या मारत असेल तर दोष घरात आहे की बाहेर, हे आधी ठरवा. कमांड प्रॉम्प्ट उघडून राउटरच्या पत्त्याला सतत पिंग लावा आणि गेम खेळा. राउटरपर्यंतच उत्तरं चुकत असतील तर कंपनीला फोन करून उपयोग नाही, भानगड तुमच्या वायफायची आहे. माझी तीच होती. मधे दोन विटांच्या भिंती आणि एक लोखंडी कपाट. ज्या अमळनेरात १९४५ साली वनस्पती तेलाच्या कारखान्यातून विप्रो उभी राहिली, त्याच अमळनेरात मला एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेट नेता येत नव्हतं. शेवटी कपाटामागून लॅनची केबल टाकली. "अडकलं" हा शब्द वहीतून जवळपास गेला.

याच्याच जोडीला एक गैरसमज. "मी भिंतीआड गेलो होतो, तरी गोळी लागली" ही तक्रार नेट चांगलं असतानाही येते. सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा हिशोब करतो, पण तुमची बातमी त्याच्यापर्यंत आणि त्याची बातमी समोरच्यापर्यंत जायला वेळ लागतोच. तुम्ही तुमच्या पडद्यावर आडोशाला पोचलेले असता, समोरच्याच्या पडद्यावर अजून अर्धे बाहेर. याच कारणाने कोपऱ्यातून अचानक बाहेर येणारा माणूस थांबून बसलेल्याला क्षणभर आधी बघतो. म्हणून एकाच जागी, त्याच कोपऱ्याकडे बघत बसून दोनदा मेलात तर नेटला दोष देऊ नका. पहिली गोळी झाडल्यावर जागा बदला.

मोजपट्टी घ्या

माऊसबद्दल दोनच वाक्यं लिहिणार होतो, पण हा हिशोब कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. माझा डीपीआय (माऊस एक इंच सरकला की किती टप्पे मोजतो ते) १६०० होता आणि गेममधली सेन्सिटिव्हिटी १.२. एक दिवस दुकानातली मोजपट्टी पॅडवर ठेवून पाहिलं. माऊस जेमतेम ७ सेंटीमीटर सरकवला की माझा माणूस अख्खी गिरकी घेत होता. ७ सेंटीमीटरमध्ये ३६० अंश! समोरचं डोकं पडद्यावर मुगाच्या दाण्याएवढं. त्यावर क्रॉसहेअर थांबवायला मला बोट केसभर हलवावं लागत होतं, आणि माझी बोटं दिवसभर तांब्याची तार ओढणारी.

आता डीपीआय ८०० आणि सेन्सिटिव्हिटी ०.४ आहे. पूर्ण गिरकीला ४१ सेंटीमीटर लागतात. पहिला आठवडा वैतागलो, मागे वळता येईना, कोपर टेबलाच्या कडेला आपटायचं. मग खुर्ची मागे घेतली आणि मनगटाऐवजी हात फिरवायला लागलो. हाच आकडा घ्या असं नाही, ३० ते ५० सेंटीमीटरमध्ये कुठेही बसलं तरी चालेल. पण एकदा ठरवलं की महिनाभर हात लावायचा नाही. वाईट सामना झाल्यावर तर अजिबातच नाही.

"पयता पयता काय मारस?"

हे वाक्य माझ्या मामेभावाचं. तो पुण्याला असतो, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आणि खेळात सहा वर्षांनी मोठा. एका रात्री नेहमीसारखा मी आधी मेलो नाही, तर तो आधी मेला आणि त्याला माझ्या खांद्यावरून बघायची वेळ आली. अर्ध्या मिनिटात ओरडला, "दादा, पयता पयता काय मारस? उभा ऱ्हाईसन मार ना भो!"

म्हणजे पळता पळता काय मारतोस, उभा राहून मार ना. आठ महिन्यांचा बिघाड या एका वाक्यात होता. आणि ही सवय आली कुठून तेही नंतर लक्षात आलं. आपल्याकडची बहुतेक पोरं हा प्रकार मोबाइलवर शिकली. पबजीवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, जुलै २०२१ मध्ये त्याचीच भारतीय आवृत्ती बीजीएमआय आली, आणि या सगळ्या काळात अंगठ्याने पळत, वाकत, उडी मारत गोळ्या झाडायचं वळण पडलं. जवळच्या मारामारीत तिथे ते खपून जातं, उलट थांबलेला मरतो. व्हॅलोरंट जून २०२० मध्ये आला तो वेगळ्या घराण्याचा. इथे धावताना गोळी नळीतून बाहेर पडते, पण कुठे जाईल याचा भरवसा नाही. क्रॉसहेअर डोक्यावर असला तरी गोळी कानाजवळून जाते आणि आपण म्हणतो एम खराब.

आणखी एक जुनी सवय. तिथे पडलेल्या गड्याला उचलता येतं. इथे मेला तो त्या राउंडपुरता मेला. सेज या एजंटचं अल्टिमेट (मेलेल्याला उठवायची तिची खास शक्ती) तयार असेल आणि तिला तुमच्यावर खर्च करावंसं वाटलं तर गोष्ट निराळी. म्हणून "जाऊन बघू काय होतं ते" ही वृत्ती इथे महागात पडते. पहिल्या पंधरा सेकंदांत तुम्ही गेलात की उरलेले चौघं पाचांशी लढतात.

उपाय कंटाळवाणा आहे. रोज सामन्याआधी दहा मिनिटं रेंजमध्ये जायचं. डावीकडे सरकायचं, बटण सोडायचं, क्षणभर उलट बाजूचं बटण टेकवायचं, माणूस जागीच थांबतो, आणि तेव्हाच एक गोळी. एकच. मग उजवीकडे सरका. पुन्हा थांबा, एक गोळी. ट्रिगर दाबून धरायचा नाही. बॉट (सरावाचा पुतळा) पडला की नाही याकडेही सुरुवातीला बघू नका, फक्त थांबल्यावर गोळी सुटली का ते बघा. मी हे करताना तोंडाने "थांब, मार" म्हणायचो. आईला वाटलं पोराला काही झालं. त्यानंतर एक डेथमॅच (जिथे प्रत्येक जण एकटा सगळ्यांशी लढतो), तिथे चाळीस किल करणारा जिंकतो पण आपल्याला जिंकायचं नसतं, तिथेही फक्त थांबून मारायचं. पहिले काही दिवस तुम्ही तिथे शेवटून पहिले याल. येऊ द्या.

साधारण तीन आठवड्यांनी वहीत "धावत" कमी झालं. पूर्ण गेलं नाही. घाबरलो की अजूनही पाय आधी हलतात.

नजर पायाशी

"खाली" या शब्दाचं मूळ मला शेतात सापडलं. रात्रपाळीची लाइन असली की बॅटरी घेऊन पाणी भरायला जावं लागतं. अशा वेळी नजर पुढे नसते, पायाशी असते, जनावर दिसलं पाहिजे म्हणून. गेममध्ये मी तसाच चालत होतो. जमीन बघत बघत कोपऱ्यावर यायचो, शत्रू दिसला की क्रॉसहेअर गुडघ्यापासून डोक्यापर्यंत ओढायचो आणि तोपर्यंत त्याने माझं डोकं फोडलेलं असायचं.

डोक्याची उंची का महत्त्वाची, याचा हिशोब बघा. माणसाच्या जिवाचे १०० गुण, वर जड चिलखताचे ५०, मिळून १५०. व्हँडल या बंदुकीची गोळी डोक्याला लागली तर १६० घेते, काम एकात संपलं. धडाला लागली तर ४०, म्हणजे चार गोळ्या हव्यात. ज्याचा क्रॉसहेअर आधीच डोक्याच्या उंचीवर आहे त्याला फक्त बोट दाबायचं असतं. तुम्हाला आधी शोधायचं, मग ओढायचं, मग दाबायचं. यात चपळ कोण हा प्रश्नच येत नाही.

सवय लावायला मी एक युक्ती केली. राउंड सुरू व्हायच्या आधी खरेदीच्या वेळात सोबत्याच्या डोक्यावर क्रॉसहेअर ठेवायचा आणि तीच उंची धरून चालायला लागायचं. चढ-उतार आला की बदलायची. पायऱ्यांवर मी अजूनही फसतो.

एकटा

आता मोठा विषय. "एकटा" हा शब्द घालवायला मला सगळ्यात जास्त दिवस लागले, कारण यात हाताचा काही संबंधच नव्हता.

आधी एजंट. नवीन माणूस पहिल्या दिवशी जेट किंवा रेना घेतो, कारण ती उडतात, पळतात, दिसायला भारी. ती आधी घुसणारी माणसं आहेत. घुसायला कुठे, केव्हा आणि कुणाच्या भरवशावर हे कळत नसेल तर तुम्ही फक्त आधी मरणारी माणसं होता. सुरुवातीला फुकट मिळणाऱ्या पाचांत ब्रिमस्टोन आहे, मी त्याच्यावर सहा महिने काढले आणि माझ्या मते नवख्यासाठी त्याच्याइतका चांगला मास्तर नाही. त्याचं काम धूर टाकायचं. मनगटावरचा नकाशा उघडायचा, तीन ठिकाणी बोट ठेवायचं, धूर पडतो आणि १९ सेकंदांच्या आसपास टिकतो. यात तुम्हाला पुढे धावता येत नाही, थांबून नकाशा बघावाच लागतो. मला नकाशे पाठ झाले ते यामुळेच. शिवाय हात कितीही वाईट चालत असला तरी योग्य वेळी पडलेला धूर चौघांच्या उपयोगी पडतो, आणि शिव्या थोड्या कमी बसतात.

दुसरं अंतर. सोबत जायचं म्हणजे चिकटून जायचं नाही. पुढचा मेला तर त्याला मारणारा अजून त्याच जागी उभा असताना तुम्ही त्याला मारू शकलात पाहिजे, इतकंच मागे राहायचं. एकाला एक गेला तर चार विरुद्ध चार, नुकसान काही नाही. मी मात्र एक तर सगळ्यांच्या पुढे असायचो, नाहीतर अर्धा नकाशा मागे, एखाद्या कोपऱ्यात "राखण" करत. दोन्हीकडे मरण फुकट जायचं.

तिसरं बोलणं, आणि हे आपल्याकडच्या पोरांचं खास दुखणं आहे. पहिल्या महिन्यात अनोळखी टीममध्ये मी माइकवर हिंदीत काहीतरी बोललो. कोणीतरी हसलं, माझ्या बोलण्याची नक्कल केली, आणि मी माइक बंद केला तो चार महिने उघडलाच नाही. त्या चार महिन्यांत मी मरायच्या आधी जे जे बघितलं ते माझ्याबरोबरच गेलं. पाचवा माणूस असून नसल्यासारखा. शेवटी मामेभावाने सांगितलं, हसणाऱ्याला स्कोअरबोर्डमधून म्यूट करता येतं, एक क्लिक. तू तिघांशी बोल, चौथा गेला उडत. एवढंच होतं ते. माइक मात्र बटण दाबून बोलायच्या सेटिंगवर ठेवा, नाहीतर कूलर, कुकरची शिट्टी आणि गल्लीतला भाजीवाला सगळे टीममध्ये येतात आणि मग लोक तुम्हालाच म्यूट करतात.

काय बोलायचं? जागा, किती, किती लागलंय. "ए मेन, दोन, एकाला ८०." संपलं. वाक्य करायचं नाही, मी कसा मेलो याची कहाणी सांगायची नाही. जागेचं नाव मिनीमॅपजवळ (कोपऱ्यातल्या छोट्या नकाशाजवळ) लिहिलेलं येतं, पाठ नसेल तर तेच वाचा.

आमचे पाच जण जमले की आम्ही अहिराणीतच बोलतो. अमळनेरचे दोघं, धुळ्याचा एक, शिरपूरचा एक आणि पुण्याचा मामेभाऊ. वाटलं होतं आपली बोली म्हणजे वेग येईल. वेग आला आणि त्याबरोबर नवाच बिघाड आला. पहिल्याच रात्री असेंट नावाच्या नकाशावर धुळ्याचा गडी ओरडला, "आठे दोन शेतस!" म्हणजे इथे दोन आहेत. आठे म्हणजे कुठे? तो बी मेनला, मी कॅटवॉकवर, आणि माझ्यासाठी आठे म्हणजे कॅटवॉक. मी वळलो, पाठीत गोळ्या खाल्ल्या. तेवढ्यात दुसरा, "तठे एक शे, तठे!" म्हणजे तिथे एक आहे. त्याने बोटसुद्धा दाखवलं असणार, शिरपूरला, त्याच्या खोलीत. तेव्हापासून आमच्यात आठे-तठेवर बंदी आहे. जागेचं नाव आधी, मग बाकी कुठलीही भाषा. "मार्केट, एक शे" चालतं. जो "तठे" म्हणेल त्याने पुढच्या भेटीत शेवभाजी खाऊ घालायची. धुळ्याच्या गड्याकडे अजून तीन ताटं बाकी आहेत.

पैशाचा हिशोब

हा भाग थोडक्यात, कारण शेतकऱ्याच्या पोरांना उधारी समजवावी लागत नाही. सुरुवातीला ८०० क्रेडिट. राउंड जिंकला तर ३०००. हरला तर १९००, लागोपाठ दुसऱ्यांदा २४००, पुढे २९००. एक मारला की २००. चांगली बंदूक २९०० आणि जड चिलखत १०००, मिळून ३९००, म्हणजे एका हरलेल्या राउंडच्या पैशात ते बसत नाही. मी काय करायचो? चौघं पैसे राखून ठेवत असताना १६०० ची स्पेक्टर घ्यायचो, तिच्यासकट मरायचो, आणि पुढच्या राउंडला चौघांकडे व्हँडल, माझ्याकडे फुकटचं पिस्तूल. कापूस अजून झाडावर आणि गडी शोरूममध्ये.

खरेदीच्या पडद्यावर सोबत्यांचे पैसे दिसतात, आणि पुढच्या राउंडला तुमच्याकडे किमान किती राहतील तेही दिसतं. तो किमान आकडा ३९०० च्या खाली जात असेल तर हात आखडा. सगळे घेतात तेव्हा घ्या, सगळे थांबतात तेव्हा थांबा. कुणाकडे जास्त असतील तर मागा, तो बंदूक घेऊन देऊ शकतो. मागायला लाजू नका.

घड्याळ

एक सामना सांगतो. आम्ही स्पाइक, म्हणजे बॉम्ब, लावला होता, आम्ही तिघं, समोर दोघं. लावलेला स्पाइक ४५ सेकंदांत फुटतो. निकामी करायला ७ सेकंद लागतात, आणि साडेतीन सेकंद पूर्ण झाले असतील तर तेवढं काम मधे सोडलं तरी शिल्लक राहतं. म्हणजे घाई त्यांना होती. आम्हाला फक्त आडोशाला बसून स्पाइकवर नजर ठेवायची होती. मी उठलो आणि त्यांना शोधायला निघालो. का? मारायला. कोपऱ्यावर एकटा मेलो, मला शोधत दुसरा आला, तो मेला. तिसऱ्याला दोघांनी मिळून घेतलं आणि स्पाइक आरामात निकामी केला. मामेभाऊ काहीच बोलला नाही, हे जास्त लागलं.

आता स्पाइक लागला की मी मोठ्याने म्हणतो, "कोणी उठू नका." बहुतेक वेळा ते मी स्वतःलाच सांगत असतो.

नवीन पोरांना आणखी एक. रँकची घाई करू नका, तसाही खातं लेव्हल २० ला पोचेपर्यंत रँक्ड (रँकसाठीचे सामने) उघडत नाही. तोवर स्विफ्टप्ले हा छोटा प्रकार खेळा, पाच राउंड जिंकले की सामना संपतो, चूक लवकर कळते. आणि लागोपाठ दोन हरलात तर बंद करा. माझ्या वहीत तिसऱ्या सामन्याची पानं वाचवत नाहीत, अक्षरसुद्धा बदललेलं आहे.

सध्याची परिस्थिती अशी. "अडकलं" गेलं, "धावत" आठवड्यातून थोडं, "एकटा" निम्म्याहून कमी. पण गेल्या महिन्यापासून "मागून" वाढलंय. आधी होतं तेवढंच होतं की बाकीचे कमी झाले म्हणून आता दिसायला लागलं, सांगता येत नाही. मला संशय मिनीमॅपचा आहे, मी तो बघतच नाही असं मामेभाऊ म्हणतो. म्हणून सोमवारपासून मिनीमॅपचा आकार वाढवलाय. बाकी कशालाही हात लावलेला नाही, दहा सामने होईपर्यंत लावणारही नाही. आज चौथा आहे. रात्री साडेदहाला, लाइट राहिली तर.